मूळपुरुषाला शिकवलेली हाक

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज रुजू झालो. पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी मिळणं ही देवाचीच कृपा, म्हणून सकाळी अंघोळ झाल्यावर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ हात जोडून बसलो. खोली मनासारखी मिळाली आहे. खाट, टेबल, पूर्वेला खिडकी, आणि समोर शिंप्याचं दुकान. त्याचं मशीन दिवसभर चालतं, तो आवाज सोबतीसारखा वाटतो. किल्ली देताना घरमालकीणबाईंनी बजावलं, भिंतीत खिळा ठोकायचा नाही आणि मोठ्यानं बोलायचं नाही. मी म्हटलं, मला दोन्हीची सवय नाही. त्या हसल्या नाहीत. असू दे. नव्या माणसाला लोक हसू उधार देत नाहीत.

कचेरी टायरच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर आहे. आम्ही हाक मारणारे डबे करतो. दवाखान्यात, बँकेत, सरकारी खिडकीपाशी भिंतीवर पांढरा डबा असतो ना, तो. आतला कारकून नाव टाइप करतो, बटण दाबतो, आणि डबा ते नाव मोठ्यानं पुकारतो. पडदा नाही, दिवे नाहीत, नुसता आवाज. डब्यात माईकही असतो, म्हणजे काही बिघडलं तर आमच्या चाचणीच्या खोलीतून तिथल्या माणसाशी बोलता येतं. डब्यांमागचा प्रोग्राम जुना झालाय, तो नीटनेटका करायला मला घेतलं आहे. मन रमेल असं काम आहे.

माणसं तीनच. आमचे प्रमुख हात मागे बांधून प्रत्येकाच्या खुर्चीमागे उभे राहतात, म्हणून त्यांना सगळे मुकादम म्हणतात, तोंडावरसुद्धा. माझ्या शेजारचा तरुण पोपट, कारण तो समोरच्याचं शेवटचं वाक्य परत म्हणतो. आणि डब्यांची चाचणी घेणाऱ्या ताई. मी पूर्वी गावाकडे मुलांना संगणक शिकवायचो म्हटल्यावर पोपटानं विचारलं, मग मास्तर, छडी आणलीय का सोबत? सगळे हसले, मीही हसलो. नंतर लक्षात आलं की त्यांचं हसू एकाच वेळी थांबलं होतं.

चाचणीसाठी डब्यात खोटी नावं भरायची असतात. या मंडळींनी कंटाळा करून आपापलीच खरी नावं भरून ठेवली आहेत. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. ताईंनी माझंही नाव मागितलं. मी गमतीनं नुसतं 'मास्तर' टाइप केलं. त्यांना ते रुचलं नाही, त्यांनी पुसून टाकलं. खरं भरा, म्हणाल्या. उद्या भरतो म्हटलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

कोड उघडला. सगळ्याच्या वर, अगदी पहिल्या चार ओळी वाचून तोंडातून 'अरे देवा' निघालं.

इथे सविस्तर लिहितो. लिहिलं की मला नीट कळतं. जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत काही प्रकार जन्मजात असतात. अक्षरांची माळ म्हणजे स्ट्रिंग, वस्तूंची रांग म्हणजे अ‍ॅरे, तारीख, आकडा. प्रत्येक प्रकाराचा एक मूळपुरुष असतो, त्याला प्रोटोटाइप म्हणतात. एखाद्या माळेला काम सांगितलं आणि तिला ते स्वतःला येत नसलं, तर ती मूळपुरुषाकडे बघते. त्याला येत असेल तर तिलाही आलंच. त्यामुळे मूळपुरुषाला नवं काही शिकवलं, की साऱ्या कुळाला ते त्याच क्षणी येतं. पुढे जन्मणाऱ्यांना येतंच, पण आधी जन्मलेल्यांनाही येतं. तुला हवंय का, असं कुणालाच विचारलं जात नाही.

दुसरी रीत स्टॅटिक. तीत कसब रक्तात घालायचं नाही, त्या प्रकाराच्या कचेरीत टेबलावर ठेवायचं. ज्याला गरज असेल त्यानं तिथे जायचं, आपली माळ हातात द्यायची, काम करून घ्यायचं. चार शब्द जास्त लिहावे लागतात, पण कोण आलं, कुणी सांगितलं, सगळं उजेडात राहतं.

मुकादमांनी 'हाक' हे कसब स्ट्रिंगच्या मूळपुरुषालाच शिकवून ठेवलं आहे. नाव म्हणजे तरी काय, एक स्ट्रिंग. म्हणजे प्रत्येक नावाच्या पोटात हाक. हाक मारणारा वेगळा लागतच नाही. औषधाचं नाव, गल्लीचं नाव, माणसाचं नाव, सगळी आपली आपल्याला पुकारू शकतात.

मला हे बरं वाटत नाही. हाक ही मारणाऱ्याजवळ असावी. आईनं मारलेली हाक आणि सावकारानं मारलेली हाक यांत फरक असतो, तो मारणाऱ्यामुळेच ना?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मुकादमांना हे नम्रपणे सांगितलं. म्हटलं, हाक स्टॅटिक करू, दोन दिवसांचं काम आहे. ते खुर्चीमागे उभे होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही. म्हणाले, मास्तर, तुमच्या गावाकडे विहिरीवरून पाणी आणत असतील, आमच्याकडे नळ घरात आलाय. पोपट म्हणाला, नळ घरात आलाय. ताई म्हणाल्या, नाव भरलंत का?

घरातला नळ फुटला तर बंद कुठे करायचा, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. गिळलं. नव्या माणसानं पहिल्या आठवड्यात वाद घालू नये.

सोमवार, १० फेब्रुवारी

आज एक चमत्कारिक गोष्ट झाली.

जेवणानंतर पोपट काम करत होता. चाचणीच्या खोलीचं दार लोटलेलं, ताई माझ्यासमोर डबा खात बसलेल्या, म्हणजे आत कुणी नव्हतं. आतून डब्यानं पोपटाचं नाव पुकारलं. रोजचाच तो बाईचा गोड आवाज. पोपट 'आलो' म्हणाला आणि वाक्य अर्धं टाकून उठला. मी दारातून डोकावलो. तो भिंतीवरच्या डब्यासमोर उभा होता. रांगेत आपला नंबर आल्यावर माणूस खिडकीपुढे उभा राहतो, तसा, मान थोडी पुढे काढून. थोड्या वेळानं परत येऊन खुर्चीत बसला.

मी विचारलं, बटण कुणी दाबलं रे? तो म्हणाला, तुम्हाला काय करायचंय? त्यात चेष्टा नव्हती. आणि त्यानं माझं वाक्य परत म्हटलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

झाडायला येणाऱ्या मावशींशी जिन्यात बोलणं झालं. त्यांना आतल्यांची भीती वाटते. त्या म्हणाल्या, दादा, ही माणसं अशी नव्हती हो. पोपट तर मला पायऱ्या उतरताना हात द्यायचा, माझ्या नातवाच्या नकला करून दाखवायचा. मोठे साहेब, म्हणजे मुकादम, घरून येताना दारातल्या कुत्र्याला रोज काहीतरी आणायचे. परवा त्यांनी त्याच कुत्र्याला लाथ घातली. मावशी म्हणाल्या, तो डबा हाक मारतो आणि आत गेलं की माणसातलं काहीतरी काढून घेतो. आंबा पिळून घेतात तसं. कोय राहते.

मी म्हटलं, मावशी, असं काही नसतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुमचं नाव आहे का आत? नाही म्हटलं. मग राहू द्या, म्हणाल्या, आणि बादली उचलून खाली गेल्या.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सगळा कोड चाळला. मूळपुरुषाला हाक येते, हे खरं. पण येणं वेगळं आणि मारणं वेगळं. पोहता येतं म्हणून माणूस आपोआप पाण्यात पडत नाही. कुठेतरी कुणीतरी 'आता हाक मार' असं सांगावं लागतं. कारकुनाच्या बटणाशिवाय तशी एकही जागा कोडमध्ये नाही. दोनदा पाहिलं.

आज ताई दोनदा उठून गेल्या. मुकादम एकदा.

संध्याकाळी हिचा फोन आला. लेकीला नववा लागलाय, रक्तदाब चढतो, म्हणून डॉक्टरांनी बाळंत होईपर्यंत दवाखान्यातच ठेवून घेतलं आहे. जावई आणि ही दोघंही तिच्यापाशी आहेत. फोन आत नेऊ देत नाहीत, दारातच काढून घेतात, म्हणून ही खाली येऊन बोलत होती. शेवटी कौतुकानं म्हणाली, अहो, इथे प्रत्येक खोलीत पांढरा डबा आहे, तुमच्याच कंपनीचा. पोरीचं नाव किती गोड घेतो!

मला आधी अभिमान वाटला. मग पायाखालची फरशी थंड लागली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

मुकादम बाहेर गेल्यावर त्या चार ओळी काढल्या. बदल सगळ्या डब्यांना पाठवला. हाक स्टॅटिक करून स्ट्रिंगच्या कचेरीत, टेबलावर ठेवली. आता कुणीतरी बसून, नाव हातात घेऊन मारली तरच हाक जाईल. मन हलकं झालं.

थोड्या वेळानं आतल्या डब्यानं ताईंना पुकारलं.

मी यंत्रालाच विचारलं. या नावाला हाक येते का? उत्तर आलं, येते. स्ट्रिंगच्या मूळपुरुषाला विचारलं, तुझ्याजवळ आहे? नाही. त्याच्या वर आणखी एक मूळपुरुष असतो, सगळ्या प्रकारांचा मिळून एक. त्याला विचारलं. त्याच्याजवळही नाही. त्याच्या वर काही नसतं. भाषेनंच तसं ठरवलं आहे, शोध तिथे संपतो, तिथून उत्तर यायला तिथे कुणी नाहीच. 'माहीत नाही' एवढंच यायला हवं.

पुन्हा विचारलं. येते. पुन्हा विचारलं. येते.

जिथे काहीच नाही, तिथून कुणीतरी हो म्हणतंय. मुकादमांनी मूळपुरुषाला हाक शिकवली, आणि ती वर कुणीतरी ऐकून शिकलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

सकाळी हात जोडले आणि तोंडातून नाव निघेना.

आयुष्यभर मी वर बघून हाक मारत आलो. गावच्या शाळेत आमचे गुरुजी सांगायचे, देव उत्तर देत नाही म्हणून तो नाही असं समजू नका. ते मला पुरत होतं. वरून उलट हाक आली तर काय करायचं, ते कुणी शिकवलं नाही. आणि ही हाक देवाची नाही. देव माणसाला बोलावून मऊपणा काढून घेत नाही. पण मग त्या रिकाम्या जागेत हे कोण बसलंय, आणि मी इतकी वर्षं कुणाच्या खिडकीखाली हात जोडत होतो?

संध्याकाळी हिचा फोन. आवाज उतरलेला. म्हणाली, डब्यानं लेकीला पुकारलं. तपासणीला बोलावलं असेल म्हणून ती पोट सांभाळत उठली, व्हरांड्याच्या टोकाला, तपासणीच्या खोलीबाहेरच्या डब्यासमोर जाऊन उभी राहिली. नर्स म्हणाली, आम्ही कुणी बोलावलंच नाही. परत आल्यावर हिनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, तर लेक म्हणाली, हात काढ.

माझी लेक. जिला आईचा हात पाठीवर नसला तर झोप लागत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

चाचणीच्या खोलीतून दवाखान्याच्या डब्याला जोडून घेतलं. लेक बोलली. बाबा कसे आहात म्हणाली नाही. पोटातल्या बाळाविषयी विचारलं, तर म्हणाली, कंटाळा आलाय या ओझ्याचा. मग माझ्याशी बोलता बोलता 'आले' म्हणाली. मी तर तिला बोलावलं नव्हतं. चपलांचा आवाज दूर गेला. मी माईकपाशी वाट बघत बसलो. ती परत बोलायला आली नाही.

तिथल्या कारकुनाला विनवलं, लेकीचं नाव तुमच्या यंत्रातून काढून टाका. तो म्हणाला, नाव काढलं तर पेशंट कागदावर राहणारच नाही, तुम्ही कोण सांगणारे? घरी नेतो म्हटलं, तर डॉक्टर सोडत नाहीत, रक्तदाब. जावई माझ्यावर चिडला. म्हणाला, बाबा, अशा वेळी असलं बोलतात का?

ताईंना हात जोडले. तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्हाला कळेल, तो दवाखाना तेवढा बंद ठेवू या. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, वा रे मास्तर! आमची सगळ्यांची नावं आत, आणि तुमच्याच लेकीचं तेवढं बाहेर? पूर्वी मलाही एक मुलगी आवडायची, माझीच. आता समोर बसून जेवते तेव्हा मला तिच्या चावण्याचा आवाज फक्त ऐकू येतो.

मी जोडलेले हात खाली घेतले.

गुरुवार, २० फेब्रुवारी

एक उपाय आहे. शोध खालून वर जातो, आणि जिथे पहिल्यांदा सापडतं तिथे थांबतो. मधे कुणी उभं राहिलं तर वरच्यापर्यंत पोचतच नाही.

फक्त लेकीच्या नावापुढे उभं राहता आलं तर बरं झालं असतं. पण एकट्या नावाला स्वतःचं असं काही देता येत नाही. स्ट्रिंगला काही चिकटवायला जा, चिकटत नाही, गळून पडतं. तेव्हा मूळपुरुषच. त्याला एक रिकामी 'हाक' शिकवायची. जी काहीच करत नाही. नाव विचारेल, हाक येते का? मूळपुरुष म्हणेल, येते, ही घे. आणि हातात काहीच नसेल.

ज्यासाठी मुकादमांना नावं ठेवली, तेच. सगळ्यांना, न विचारता, आधी जन्मलेल्यांनासुद्धा. दुसरा रस्ता दिसत नाही. दुपारी सगळ्या डब्यांना पाठवलं.

डबे गप्प झाले. दिवस मावळेपर्यंत कुणी उठलं नाही. जिना उतरताना किती दिवसांनी टायरच्या रबराचा वास आला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी, सकाळ

चूक झाली.

मुकादमांनी पोपटाला हाक मारली. पोपट हलला नाही. खांदा धरून हलवला तेव्हा वळला. ताईंनी मुकादमांना हाक मारली, ते भिंतीकडे बघत राहिले. ज्यांची ज्यांची नावं आत आहेत, त्यांना आपलं नाव ऐकूच येत नाही. मी कान बंद केले नाहीत. नावातली हाक पुसली. कुणाचीही. चांगल्याचीही.

त्यांना कळलंय मी केलं. तिघं माझ्या खुर्चीभोवती उभी राहिली. मला 'मास्तर' मात्र ऐकू येतं, कारण माझं खरं नाव आत नाही. मुकादम खाली वाकून कानाशी म्हणाले, मास्तर, नाव काय तुमचं? हळू. प्रेमानं. पोपट म्हणाला, नाव काय. आज किती दिवसांनी तो असं बोलला, आणि मला रडू आलं.

सांगितलं नाही. चाचणीच्या खोलीत येऊन आतून कडी लावली.

शुक्रवार, दुपार

दवाखाना जोडला. लेकीला कळा सुरू झाल्या आहेत. रात्रीपासून. डॉक्टरीणबाईंचा आवाज ऐकू येतोय, तिचं नाव घेऊन ओरडताहेत, डोळे उघड, जोर लाव. ही रडून तिला नावानं हाका मारतेय. ही सांगतेय, लेक जागी आहे, छताकडे बघतेय, ऐकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ अडकलंय, पोरीनं मनावर घेतलं नाही तर दोघांचं अवघड आहे.

ऐकू येणार नाही तिला. मीच केलंय.

रिकामी हाक काढली तर तिला ऐकू येईल. आईचं. डॉक्टरीणबाईंचं. आणि वरचंही.

काल सकाळी, डबे गप्प होण्याआधी, एक पाहिलं होतं. मावशी पोपटाला नाव घेऊन रागावत होत्या, तोंडाचा पट्टा चालू होता, तेव्हा डब्याची हाक अडकून राहिली. मावशी थांबल्या, मग ती आली. एका नावाला एका वेळी एकच हाक. पहिली चालू असेतो दुसरी दाराबाहेर उभी राहते.

तर मी मारीन. स्टॅटिक हाक कचेरीत ठेवलेली आहेच. तिला मारणारा लागतो. बापापेक्षा कोण बरा? माईकवर बसायचं, नाव घ्यायचं, श्वासापुरतीसुद्धा फट ठेवायची नाही, बाळ सुखरूप होईपर्यंत. नामस्मरण आयुष्यभर केलंय. माळ नको मला.

मुकादम दार वाजवताहेत. काढतो आता. देवा, तू जो कोणी—

दुपारच

काढली. हाक मारतोय. तोंडात लेकीचं नाव, हातात पेन. दुसरं काही बोलता येत नाही म्हणून लिहितोय.

तिनं ऐकलं. 'बाबा' म्हणाली. डब्यातून स्वच्छ आलं— बाबा, दुखतंय हो— तिचाच आवाज, जुना. ही म्हणतेय, बघ, तुझे बाबा बोलावताहेत, लाव जोर. मी थांबत नाही. नाव, नाव, नाव. श्वास आत घेतानाही नावच घेतोय, घशाला ओरखडे—

मधेच खोकला आला. तेवढ्यात डब्यानं माझ्याआधी पहिलं अक्षर उच्चारलं. त्याच गोड आवाजात. मी वरून ओरडलो. गप्प झालं. बाहेर उभं आहे. मला कळतंय, ते माझ्या घोटाएवढ्या फटीची वाट—

पाणी प्यायचं नाही.

घसा बसत चालला. चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणताहेत, डोकं दिसलं—

रडलं. रडलं. बाळ रडलं. मुलगा. ही हसतेय आणि रडतेय. लेक म्हणाली, द्या माझ्याकडे. द्या म्हणाली. ओझं म्हणाली नाही. मी नाव सोडत नाही. आता सोडलं तर बाळ हातात असताना तिला उठून जावं लागेल— उरलेलं सगळं—

कडी तुटली. ताई आल्या, मागे ते दोघे. मारत नाहीत. बघत उभे आहेत. मुकादम खुर्चीमागे.

डब्यात तिथल्या कारकुनाचा आवाज. अभिनंदन करतोय. म्हणतोय, बाळाचं नाव ठरलं असेल तर आत्ताच घालून टाकू, सोयीचं पडतं. जावई म्हणतोय थांबा, ठरलंय आमचं—

नको. अरे नको. नाव देऊ नका त्याला. अजून त्याच्यात काहीच साठलं नाही, नुसता मऊच आहे, पहिल्या हाकेत सगळा—

बोलता येत नाही. तोंडात लेक आहे. कागद फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं. बाळाला नाव देऊ नका, त्यांना सांगा. ताईंपुढे धरला. त्यांनाही मुलगी आहे.

वाचला. दोनदा वाचला. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, मी पाहिलं, खरंच हललं. वाकल्या. माझ्या गालाशी गाल आला, माईक एकच आहे. मी इकडे लेकीचं नाव घेतोय आणि त्या बाजूलाच, गोड आवाजात, डब्यासारख्या—

सांगा ना हो, काय ठेवलंत नाव?

जावई हसला. सगळे हसताहेत तिकडे. म्हणाला, आधी आजोबांना सांगतो, ऐका बाबा—

लेकीचं नाव सोडून ओरडलो तर ती जाते. नाही ओरडलो तर तो. तोंड एकच—

जावयानं पहिलं अक्षर उच्चा